शाळेच्या मैदानावरची दोस्ती – तुमचे अनुभव लिहा

तापीकाठची
काल पारोळा स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. हातात पिशवी, कडेवर भाची. मागून फाडकन पाठीवर थाप बसली आणि कानाशी आवाज, "खो!" मी न वळताच म्हटलं, "डावरे!" तीच होती. २४ वर्षांनी.

खो-खोत आठ जणी आलटून-पालटून उलट्या तोंडाने बसतात, खो मागूनच येतो. पण कुणाचा ते हातावरून कळायचं. एकीचा लागला की नाही तेच समजेना, एकीचा नुसता धक्का. डावरीचा मात्र डाव्या खांद्याखाली, सणसणीत. आठवी ते दहावी तिथे वळ असायचा माझ्या.

कॅनव्हासचे बूट दोघींत एक जोड. पळायला ती पहिल्या तुकडीत, मी तिसऱ्या. ती बाद होऊन आली की बूट काढून माझ्याकडे फेकणार, गरम आणि ओले. मधली तुकडी टिकेल तेवढ्या वेळात नाड्या बांधायच्या. एकदा तिघी पटापट बाद झाल्या, मी एका बुटावर पळाले.

स्टँडवर दोन मिनिटंही बोललो नाही. गाडी लागली, नंबर घेतला, पळाले. रात्री झोप नाही. तुमचं आहे का कुणी असं?

शेवभाजी_रविवार
भाची रडली का?

तापीकाठची
रडली ना! चॉकलेटवर मिटलं.

बारावा_गडी
संघात बारा, मैदानात नऊ. उरलेले तीन ते आम्ही. सलग तीन वर्षं. फक्की मारा, खांब हलतोय का बघा, पाण्याचा ड्रम उचला. आमची काळी माती, पाऊस पडून गेला की पायाला हे एवढे गोळे. ते काडीने काढत गप्पा मारायचो. एकदा शेवटची दोन मिनिटं खेळायला मिळाली, गेल्या गेल्या बाद.
वडिलांना झटका आला तेव्हा रात्री दीडला फोन त्या दोघांनाच लावला. एक भुसावळहून लुंगीवरच आला. नऊ जणांपैकी एकाचाही नंबर नाहीये माझ्याकडे.

गणिताचा_तास
आमच्याकडे खेळाचा तास फक्त वेळापत्रकात. यायचे गणिताचे सर, पोर्शन राहिलाय म्हणून. आठवड्याला दोन तास, तीन वर्षं. एकूण किती ते विचारू नका, गणित कच्चंच राहिलं.

सातपुड्याखालचा
मी धडगावकडचा. आठवीला शहाद्याला आलो. घरी पावरी, वर्गात मराठी, पोरं आपसात अहिराणी. तीन महिने तोंड उघडलं नाही. कबड्डीत चढाईला एकच शब्द लागतो, तो येत होता. एकदा ३० सेकंदांत तिघांना बाद करून परत आलो तर मागून कोणी ओरडलं, "भारी शे रे!" शे म्हणजे आहे, हे त्या दिवशी कळलं. मग भाषा भराभर आली. आधी शिव्या, अर्थात.

बारावा_गडी
@सातपुड्याखालचा जिभाऊ, शिव्या शिकवणारा खरा दोस्त.

आंडेर_धुळ्यानी
माझं दहावीनंतर बंद. विभागीयला नाशिकला निवड झाली होती. काका म्हणाले, मोठी झाली आता, हाफ पँटवर पळेल का? वडील काहीच बोलले नाहीत. काकांपेक्षा तेच जास्त लागलं. मग काही दिवस संध्याकाळी खळ्यात ओढणी कमरेला बांधून एकटीच पळायचे. खो द्यायला कोणी नाही. असो.

पाटलाची_सून
@आंडेर_धुळ्यानी ताई, काय बोलू. आमच्याकडची गंमत सांगते. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, फायनलला आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं. सासूबाई सीरियल सोडून टीव्हीसमोर, "पय वं माय, पय!" दूध उतू गेलं तरी उठल्या नाहीत. १५ वर्षं एका घरात राहतोय, त्या शाळेत खेळायच्या हे मला त्या रात्री कळलं. सासऱ्यांनाही!

आंडेर_धुळ्यानी
सासूबाईंना नमस्कार सांग माझा. मॅटवर खेळतात आता, गुडघे फुटत नसतील.

शेवभाजी_रविवार
थंडी पडली की भेटू या का सगळे? शेतात भरीत. वांगी माझ्याकडे.

बारावा_गडी
पऱ्हाट्यांवर भाजणार असाल तर येतो. गॅसवरचं असेल तर घरीच बरा. फक्की आणू का?

पाटलाची_सून
पुऱ्या माझ्याकडे. कळण्याच्या भाकरी कोणीतरी दुसऱ्याने बघा.

गणिताचा_तास
माणशी किती वांगी ते मला विचारू नका.

तापीकाठची
डावरीचा आत्ता मेसेज आला. म्हणते, बुटांचे अर्धे पैसे तुझे बाकी आहेत. खरं आहे, तिच्या वडिलांनीच सगळे भरले होते. २००० साली कॅनव्हासचे बूट कितीला मिळायचे, आठवतं का कुणाला?