मदत हवी आहे : नागपुरात पती-पत्नीला एकत्र राहता येईल असा बेघर निवारा

सीताबर्डी भागात फुटपाथवर झोपणारं एक साठीपुढचं जोडपं आहे. भंगार वेचून हातगाडीवर नेतात. रात्री पारा १० अंशांखाली जातोय, काकूंचा खोकला वाढलाय.

पथकाने त्यांना निवाऱ्यात नेलं होतं, पण स्त्री-पुरुषांची केंद्रं वेगवेगळी आणि हातगाडी आत घेत नाहीत. गाडी चोरीला गेली की पोटच गेलं, म्हणून दोघं परत आले. त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. शहरी बेघरांच्या निवारा योजनेत कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याची तरतूद आहे, पण शहरात तसा कुठे चालू आहे ते कळत नाही.

सध्या खाली पुठ्ठ्याचे जाड थर, वर ब्लँकेट आणि दवासाठी ताडपत्री दिली आहे. जमीनच अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे नुसतं पांघरूण वाढवून भागत नाही. शिवाय दिवसा ब्लँकेट ठेवायला जागा नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालते. थंडीचा खरा प्रश्न त्यानंतरचा.

काकांचं आधार कार्ड आहे, काकूंचं नाही. वृद्धाश्रम नको, दोघांना काम सोडायचं नाही. पैसे गोळा करायचे नाहीत.

नागपुरात जोडप्याला एकत्र ठेवणारं, आवारात हातगाडी साखळीने बांधू देणारं केंद्र कोणतं? आणि रात्री १० नंतर तिथे थेट नेलं तर आधारशिवाय काकूंना आत घेतील का?