हरिराम न्हाव्याला विसरू नका

दादा, 'शोले'तला विनोद म्हणजे असरानींचा जेलर आणि जगदीपचा सूरमा भोपाली, असं तुम्ही लिहिलंय. मान्य. पण जेलमधला, जेलरचे कान भरणारा हरिराम न्हावी कुठं गेला?

मी हा पिच्चर पहिल्यांदा माळेगावच्या यात्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत, धुळीत मांडी घालून बघितला. जेलरवर लोक हसलेच, पण हरिराम कान टवकारून उभा राहिला की आमच्या मागचं म्हातारं आधीच बोट दाखवायचं, "आलं बघ, चुगलखोर आलं!" प्रत्येक गावात असा एक असतोयच की. दाढी करता करता सगळ्या गावाची खबर गोळा करणारा.

खरी गंमत अशी, की जेलफोडीची सगळी मदार त्याच्यावरच आहे. जय-वीरू मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं पिस्तुलाचं बोलतात, हा पळत जाऊन जेलरला सांगतो आणि जेलर अलगद जाळ्यात. पाठीला टेकवलेलं पिस्तूल म्हणजे नुसतं लाकूड! हरिरामनं कानावर हात ठेवले असते तर दोघं आतच सडले असते.

हे काम केश्तो मुखर्जींचं. दारुड्या म्हणून आपण त्यांना ओळखतो, इथं मात्र ते पूर्ण शुद्धीत आहेत. त्याआधी 1958 च्या 'अजांत्रिक'सारख्या, बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या सिनेमांतही ते होते. मला तर त्यांचं ते लाचार, दबक्या पावलांचं चालणं जेलरच्या मिशीपेक्षा जास्त आवडतं. जेलरभक्तांनी लगेच अंगावर येऊ नये!