इंजिन मागे गेलं, मग कॉर्व्हेटमध्ये कॉर्व्हेटचं उरलं काय?

गॅरेजवाला
काडी टाकतोय, आधीच सांगतो.

शेवरोलेच्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारची आठवी पिढी, म्हणजे सी-८, जुलै २०१९मध्ये आली आणि पुढचं इंजिन सीटांच्या मागे गेलं. गाडी वेगवान आहे, सुरुवातीची किंमतही ६० हजार डॉलरच्या आत होती. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रूपाची आहे. लांबलचक बॉनेट, मागच्या चाकांना जवळजवळ टेकून बसलेला चालक, आखूड शेपूट, हा या गाडीचा बांधा. १९६८च्या तिसऱ्या पिढीत तो कळसाला पोचला. त्या गाडीत बसलं की समोरच्या काचेतून पुढच्या चाकांवरचे दोन उंचवटे दिसतात, वळणावर चाक नेमकं कुठं आहे ते त्यावरूनच कळतं. सी-८चं नाक काचेखाली गडपच होतं. वर दाराच्या मागे हवा ओढणारी ती भलीमोठी खाच. चिन्ह झाकून रस्त्यावर उभी करा, निम्मे लोक फेरारी म्हणतील.

तिरकस_चाक
असहमत. कुठल्या बांध्याबद्दल बोलताय? १९५३च्या पहिल्या ३०० गाड्या बघा. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, हेडलाइटवर तारेची जाळी. इंजिन सहा सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं, आणि गिअर दोनच, तेही ऑटोमॅटिक. तिचा डिझाइनर हार्ले अर्ल याच्या डोळ्यांसमोर जग्वारसारख्या युरोपियन उघड्या गाड्या होत्या. म्हणजे युरोपकडे बघून गाडी बनवायची हा यांचा पहिल्या दिवसापासूनचा धंदा! आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आलं १९५५ला. ज्यांच्याशिवाय कॉर्व्हेट ओळखू येत नाही म्हणतात ते चार गोल टेललाइट १९६१ला. लपणारे हेडलाइट १९६३ला. २००५ला ते गेले, तेव्हाही असाच आक्रोश झाला होता.

मिशिगनकर
डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, त्यामुळे हा वाद दर उन्हाळ्यात ऐकतो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते. गेल्या खेपेला सिग्नलला शेजारी सत्तरच्या दशकातली कॉर्व्हेट होती. अंधार पडल्यावर त्यानं दिवे लावले, एक डोळा टपकन उघडला, दुसरा अर्ध्यावर अडकून मग सावकाश वर आला. तिसऱ्या पिढीत हे दिवे इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर उचलले जातात, कुठं नळी गळत असली की हा प्रकार. गाडीवाला ओशाळला नाही, उलट खुशीत हसला. असल्या खोडी नव्या गाडीत नाहीत हे खरं.

पण गॅरेजवाले, परंपरेचा दाखला देऊ नका. कॉर्व्हेटला खरी स्पोर्ट्स कार बनवणारा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्ह १९६०पासून इंजिन मागे न्यायला बघत होता. त्या साली त्यानं सर्व्ह-१ ही प्रायोगिक गाडी बनवली. १९७०ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक्सपी-८८२ ठेवली, तिचंही इंजिन मधेच, म्हणजे सीटांच्या मागे. कंपनीनं दरवेळी हात आखडता घेतला, कारण पुढच्या इंजिनाची गाडी तशीही खपत होती.

गॅरेजवाला
डंटॉव्ह थोर माणूस, वादच नाही. पण १९६३ आठवा. त्या सालच्या कॉर्व्हेटच्या, म्हणजे स्टिंग रेच्या, मागच्या काचेच्या मधोमध उभी पट्टी होती. डंटॉव्ह म्हणत होता, मागचं दिसत नाही, काढा. डिझाइनचा मुख्य बिल मिचेल हटून बसला, पट्टी राहिली. पुढच्याच वर्षी ती काढली. काही मालकांनी तर आपल्या १९६३च्या गाडीची पट्टी कापून १९६४ची अखंड काच बसवली. आज मूळ पट्टीवाल्या गाडीला काय भाव आहे ते बघा. आरशात मागून येणाऱ्या गाडीचे दोन तुकडे दिसतात, तरी लोक तिच्यासाठीच पैसे मोजतात. इंजिनिअर बरोबर होता, पण लक्षात राहिली मिचेलची गाडी. सी-८मध्ये मिचेलसारखं हटून बसणारं कुणी नव्हतं असं वाटतं.

सौदामिनी
तिसऱ्या पिढीचं इतकं कौतुक चाललंय म्हणून विचारते, १९७५ची का विसरता? बंपरच्या नियमांमुळे पुढंमागं रबरी थोबाड आणि साध्या मॉडेलला १६५ अश्वशक्ती. लांब बॉनेटखाली दमलेलं इंजिन! तिला कुणी परकी म्हटलं नाही.
सी-८मध्ये मला खटकली ती आतली भिंत. दोन सीटांच्या मध्ये एसीच्या बटणांची एवढी लांब रांग की शेजारी बसणाऱ्याला कुंपणाबाहेर बसवल्यासारखं वाटावं. २०२६च्या मॉडेलला ती काढली, उशिरा का होईना.

तिरकस_चाक
सौदामिनीताई +१. आणि गॅरेजवाले, इंजिन हौसेखातर मागे नेलेलं नाही. आधीच्या पिढीच्या झेडआर-१ या सगळ्यात ताकदवान मॉडेलमध्ये ७५५ अश्वशक्ती होती. इंजिनात जास्त हवा कोंबणारा सुपरचार्जर मावावा म्हणून बॉनेटला एवढा उंचवटा द्यावा लागला की पुढचं दिसणं अवघड. तुमचं लाडकं बॉनेटच तिथं आडवं आलं. शिवाय एवढी ताकद रस्त्यावर उतरवायची तर मागच्या चाकांवर वजन हवं. बाकी पुढं काहीच नाही असंही नाही हं, सी-८च्या ई-रे या हायब्रिड मॉडेलमध्ये पुढच्या चाकांना विजेची मोटर आहे :)

गॅरेजवाला
ताकदीचं गणित मान्य. मग मागचा भाग तरी आटोपशीर ठेवायचा! तिथं सुटं छप्पर ठेवायला जागा हवी, गोल्फच्या दोन बॅगाही मावायला हव्यात, म्हणून इंजिनच्या मागे एवढी डिकी. इंजिन मागे नेलं शर्यतीसाठी आणि शेपूट वाढवली गोल्फसाठी. शिवाय क्लचचं पेडलही गेलं, डाव्या पायाला कामच नाही. त्यावर अजून कुणी बोललंच नाही.

मिशिगनकर
क्लचचा वेगळा धागा काढा, तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. इथं नाही.