मदत हवी आहे: दोन दातांमधल्या हिरडीची उंची नेमकी कशी मोजायची?

नमस्कार मंडळी,

ब्रेसेस काढल्यापासून वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये, हिरडीलगत, काळी त्रिकोणी फट दिसते आहे. दात सरळ झाल्याचा खूप आनंद आहे, पण हसताना नजर तिथेच जाते. एका डॉक्टरांनी फोटो पाहून लगेच कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) भरून फट बुजवू म्हणून सांगितलं. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, आधी जागा बधिर करून प्रोब (मापाच्या खुणा असलेली बारीक सळई) हाडापर्यंत टेकवू, अंतर मोजू, मग बोलू.

त्यावर वाचलं. दंतवैद्य टार्नो आणि सहकाऱ्यांचा 1992 सालचा अभ्यास सगळीकडे येतो. दात एकमेकांना टेकतात तिथून हाडाच्या कडेपर्यंत 5 मिमी किंवा कमी अंतर असेल, तर मधली जागा जवळजवळ नेहमी हिरडीने भरलेली असते. 6 मिमीला हे प्रमाण 56 टक्क्यांवर येतं, 7 मिमीला 27 वर. एका मिलिमीटरने एवढा फरक पडत असेल, तर अंदाजावर काम करून घ्यायला मन धजत नाही.

हेच अंतर एक्स-रेवरून नाही का कळणार? आणि 6 मिमी आलं, तर हिरडी आपोआप भरेल म्हणून थांबावं का? हिरडीचं काम करणाऱ्यांनी कृपया सांगा.

---

प्रतिसाद:

मॅडमचं बरोबर आहे. फोटोत हिरडी किती कमी झाली एवढंच दिसतं, ती परत भरेल का ते हाडावरून ठरतं. एक्स-रे जरूर काढा, पण किरणांचा कोन बदलला की अंतर कमी-जास्त दिसतं. बधिर केल्यावर प्रोबचं फारसं जाणवत नाही.

त्याआधी दात स्वच्छ करून घ्या. सुजलेली हिरडी उंच भासते आणि माप फसतं.

6 मिमी आलं तरी घाबरू नका. हाड वाढवणं अवघड, पण दातांचा टेकण्याचा बिंदू हिरडीकडे सरकवता येतो: कडा किंचित घासून दात जवळ आणायचे, किंवा कॉम्पोझिट. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा उपायही चुकीचा नाही, फक्त मापानंतर करावा. तुमचे दात हिरडीकडे निमुळते आहेत का, आणि एक्स-रेत मुळं फाकलेली दिसतात का? मुळं फाकली असतील तर कॉम्पोझिटआधी ऑर्थोडॉन्टिस्टना (ब्रेसेस लावणाऱ्या डॉक्टरांना) दाखवा.