किडनीचा आजार पुढे कसा जाईल, हे डॉक्टरांना कसं विचारू?

दूरची_सावली: बाबा 71 वर्षांचे. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) 42 आलाय, चार महिन्यांच्या अंतराने दोनदा. पुढे डायलिसिस लागेल का, हे कशावरून ठरतं? डॉक्टर जेमतेम दहा मिनिटं देतात, म्हणून दोनच प्रश्न सुचवा. यादी नको.

खवचट: हे घ्या. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, फॉस्फरस, बीपी, शुगर, सोनोग्राफी, दुसरं मत. मी फाइल घेऊन जातो, डॉक्टरच सावरून बसतात.

रातकिडा: क्रिएटिनिनवर (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) जाऊ नका. मामांचं असंच वाढलं, घरात रडारड. निघालं काय, तर जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं, वर गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या चालू. पंधरा दिवसांत आकडा खाली.

खवचट: त्यांनी दोनदा तपासलंय. वाचा आधी.

वॉर्डातली_ताई: लघवीची एसीआर (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातं, ती तपासणी) झाली का? कोणी विचारलंच नाही. 42 म्हणजे जी3बी टप्पा (आजाराच्या पाच टप्प्यांतल्या तिसऱ्याचा उत्तरार्ध), पण नुसत्या टप्प्यावरून काही कळत नाही. एसीआर 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या खाली असेल तर या वयाची कित्येक माणसं वर्षानुवर्षं तिथेच रेंगाळतात. 300 च्या वर असेल तर त्याच 42 ची काळजी वाटते. वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर घालून दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी होण्याची शक्यता टक्क्यांत काढता येते. बाकी आकडे सारखे असतील तर वय जास्त असलेल्याची शक्यता कमी निघते, लोकांना ते उलटंच वाटतं.

लंबक: टक्के कोणाच्या कपाळावर लिहिलेले नसतात. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला 1982 मध्ये मेसोथेलिओमा हा कॅन्सर झाला. मध्यक आयुष्य आठ महिने. गडी 2002 पर्यंत जगला.

खवचट: तो कॅन्सर, इथे किडनी चाललीय. आणि मध्यक म्हणजे निम्मे त्यापुढे जगणारच, त्यात नवल काय?

लंबक: वीस वर्षं?

पाऊलवाट: एसीआर करून घ्या. वर कोणी म्हटलं असेल तर माफ करा.

दूरची_सावली: आभार सगळ्यांचे. एसीआर झालेली नव्हती, उद्या नमुना देतोय. पण टक्के विचारणार नाही. बाबा म्हणाले, "आकडा कळला की मी तोच घोकत बसेन." विचारेन ते एवढंच: बाबांच्याही गुडघ्याच्या वेदनाशामक गोळ्या थांबवायच्या का, आणि पुढची तपासणी कधी.

खवचट: मग धागा काढला कशाला?

रातकिडा: गोळ्या! मी काय म्हणत होतो?