धरमतची लढाई टेबलावर मांडली, पण जसवंतसिंह हरतच नाही. काय करू?

तापीकाठचा:
राम राम मंडळी. आम्ही रावेरचे चौघं दर रविवारी छोटे सैनिक मांडून लढाया खेळतो. या खेपेला एप्रिल १६५८ ची उज्जैनजवळची धरमतची लढाई घेतली, शहाजहानच्या पोरांची भाऊबंदकी, म्हणजे घरातलंच युद्ध, आणि औरंगजेब निघाला तो आपल्या बाजूच्या बऱ्हाणपुराहून, म्हणून जास्तच हौस. समोर शहाजहानचा सेनापती जसवंतसिंह. सहा बाय चारचा प्लायवूड, १५ एमएमची माणसं, एक बेस (सैनिक चिकटवलेली पट्टी) म्हणजे ५०० माणूस, दोन्हीकडं सत्तर-सत्तर बेस. तोफा संपलेल्या रिफिलच्या कापून केल्या, दलदलीला फेविकॉलवर वाळल्या केळीच्या पानाचा चुरा टाकला, झकास दिसते.
पण चार वेळा खेळलो अन् चारही वेळा जसवंतसिंह जिंकला! जो कोणी त्याला खेळतो त्याला माहीत असतं ना की तोफांवर धावून गेलं की मेलो, म्हणून तो खंदकामागं ठाण मांडून बसतो अन् औरंगजेब चिखलात रुतून मरतो. नियम कुठं बदलू?

भुसावळ लोकल:
एवढी डोकेफोड कशाला भाऊ, अमेरिकेतली गेटिसबर्गची लढाई करा. १८६३, तीन दिवस, नियम, नकाशे सगळं रेडीमेड.

तापीकाठचा:
रेडीमेडच पाहिजे असतं तर सैनिक रंगवत कशाला बसलो असतो भौ 😄

जुना फासा:
तुमचा चिखल उलटा चालू राह्यला. ती जागा अरुंद होती, बाजूला खंदक-दलदल, त्यामुळं जसवंतसिंहाचीच फौज दाटीवाटीत अडकली, घोडदळाला पसरायला जागा नाही. तोफांची रेंज वाढवा, आणि दाटीत उभ्या बेसवर फासा लागला तर एकाऐवजी दोन बेस उचला. मग बसून दाखवा म्हणावं! तीन टर्नमध्ये स्वतःहून धावत सुटेल, तेव्हाही तसंच झालं.
अजून एक, तोफा ताब्यात आल्या की टेबलावरून उचलत असाल तर ते बंद करा. मुकुंदसिंह हाडा, रतनसिंह राठोड ही मंडळी तोफखान्यावर तुटून पडली, तोफखान्याचा प्रमुख मुर्शिद कुली खान तिथंच मारला गेला (आपल्या खानदेशाचा शेतसारा बसवणारा दिवाण तो हाच बरं का), पण घोडदळ तसंच पुढं औरंगजेबाच्या आघाडीवर गेलं, मागं तोफा सांभाळायला कोणी थांबलंच नाही. गोलंदाज परत आले अन् पुन्हा बार सुरू. म्हणून दोन टर्न तोफा गप्प, कोणी राखण नसली तर तिसऱ्या टर्नला पुन्हा चालू.

यावलची वहिनी:
मी खेळत नाही, आमच्या घरी खेळतात, मी चहा करते आणि बघते. तुमचा मूळ घोटाळा वेगळाच वाटतो. एकच माणूस सगळी बादशाही फौज हलवतो ना? तिथं तर दोन सेनापती, जसवंतसिंह आणि कासिम खान, त्यात कासिम खान नीट लढलाच नाही. त्याला वेगळा माणूस बसवा आणि सुरुवातीला गुपचूप चिठ्ठी काढायला लावा: लढ, थांब नाहीतर सटक. जसवंतसिंहाला चिठ्ठी दाखवायची नाही. शिवाय शहाजहानचा हुकूम होता की जमेल तोवर शहजाद्यांना न लढता परत पाठवा, म्हणून पहिल्या दोन टर्न जसवंतसिंहाला हल्ला करता येणार नाही, हेही घाला. नाहीतर कोणीही जिंकेल.

जुना फासा:
वहिनी, पुढच्या रविवारी तुम्हीच कासिम खान व्हा.

तापीकाठचा:
काल सगळं घालून खेळलो. वहिनींच्या चिठ्ठीनं कमाल केली! कासिम खान आमचा चुलतभाऊ, त्याला "थांब" निघाली, पठ्ठ्यानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, फुटाणे खात बसला. इकडं जसवंतसिंह त्याच्या भरवशावर तोफांत घुसला, तोफा पडल्या, आम्ही ओरडलो, तिसऱ्या टर्नला त्याच तोफा मागून वाजल्या अन् वरून औरंगजेबाच्या बाजूनं लढणारा त्याचा भाऊ मुराद छावणीवर पडला. सत्तरातले एकोणीस बेस घेऊन जसवंतसिंह जोधपूरकडं पळाला. तो खेळणारा काल भरीत न खाताच घरी गेला, चुलतभावाचा फोन अजून उचलून नाही राह्यला.