'तू तिथे नेमकं काय करायचीस?' : सांगता न आलेल्या कामाचे अनुभव

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहायला आलो तेव्हा ब्लेचली हे माझ्या लेखी लंडनच्या गाडीतलं एक स्टेशन होतं. पलीकडच्या घरात एक इंग्रज आजी एकट्या राहायच्या. दिवाळीतल्या चकल्या त्यांना भारी आवडायच्या. दोन-तीन दिवाळ्या गेल्यावर एकदा त्यांनी स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडला, रबरबँड, मेणबत्त्या, जुन्या किल्ल्या बाजूला सारल्या आणि एक बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. मागे कोरलं होतं, 'आम्हीही सेवा बजावली'. ब्लेचली पार्कमध्ये युद्धकाळात काम केलेल्यांपैकी जे हयात होते त्यांना ब्रिटिश सरकारने २००९ साली हा बिल्ला दिला. युद्ध संपून चौसष्ट वर्षं झाली होती!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचे एनिग्मा यंत्रातून निघालेले सांकेतिक संदेश ब्लेचली पार्कमध्ये उलगडले जात. १९४५ च्या सुरुवातीला तिथे आणि आसपासच्या उपकेंद्रांत मिळून नऊ हजारांच्या घरात माणसं होती, आणि दर चौघांत तिघी बायका. सिनेमात दिसतात ते चार विक्षिप्त गणिती. बाकीचं काम पाळीपाळीने या मुली करत होत्या: आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ.

आमच्या शेजारच्या आजी ईस्टकोटच्या उपकेंद्रात, 'बॉम्ब' नावाच्या यंत्रावर. फुटणारा नव्हे, एनिग्माची जुळणी शोधून काढणारं भल्यामोठ्या कपाटाएवढं यंत्र, त्यावर १०८ फिरती चाकं. प्रत्येक चाकामागे तारांचे बारीक ब्रश. दोन तारा एकमेकींना टेकल्या की शॉर्टसर्किट आणि सगळी मेहनत पाण्यात, म्हणून चिमट्याने एकेक तार सरळ करत बसायचं. आजी हे सांगताना अंगठा आणि पहिलं बोट असं जुळवायच्या की नव्वदीतही तो चिमटा दिसायचा. यंत्र मधेच थांबलं की त्या क्षणी दिसणारी अक्षरं टिपायची आणि पुढे कळवायची. त्या अक्षरांनी कुठलं जहाज वाचलं, कुठलं बुडालं, कळायला मार्ग नाही. कागदोपत्री या मुलींची नेमणूक 'पेम्ब्रोक पाच' या नौदलाच्या तळावर. नाव जहाजासारखं, पण असं जहाज कुठल्याच समुद्रात नव्हतं.

आता मूळ मुद्दा. आजींची एक बालमैत्रीण बॉम्बवर्षावाच्या दिवसांत लंडनमध्ये रुग्णवाहिका चालवायची. सुट्टीत भेट झाली की ती विचारायची, 'तू तिथे नेमकं काय करतेस?' आजींना शिकवून ठेवलेलं उत्तर होतं, 'कारकुनी'. सलग तीन वर्षं कारकुनी. एकदा ती मैत्रीण म्हणाली, 'बरंय बाई, कुणाला तरी युद्ध खुर्चीत बसून काढता आलं.' त्यानंतर पत्रं विरळ झाली, मग बंदच. १९७४ मध्ये या कामाबद्दल पहिल्यांदा उघडपणे छापून आलं. तोवर ती मैत्रीण वारली होती. आजी २०१६ मध्ये गेल्या.

तर तुमचे अनुभव लिहा. युद्धातलेच हवेत असं नाही. अट एकच: गुपित स्वतःचं नको, कामाचं हवं. नावगाव टाळा.

पाटीपेन्सिल

मी गणित शिकवायचे. एका वर्षी दहावीचा पेपर काढणाऱ्यांत माझी निवड झाली. घरीसुद्धा सांगायचं नाही. आणि त्याच वर्षी जिवलग मैत्रिणीची लेक दहावीला! एरवी ती पोर संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडेच यायची. मी दिवाळीनंतर 'मला वेळ नाही गं' म्हणायला लागले. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा ती आलीच नाही. मैत्रिणीने बाजारात बघून न बघितल्यासारखं केलं. निकालानंतर पेढे द्यायला आली तेव्हा दारातूनच दिले, 'बस' म्हटलं तर 'अजून दहा घरं आहेत' म्हणाली. पोरगी हुशार होती, छान मार्क पडले. माझ्या प्रश्नांना किती पडले ते मात्र विचारायची सोय नव्हती.

व्हर्जिनियाकर

आमच्याकडची पुरवणी. अर्लिंग्टन हॉल हे मुळात मुलींचं कॉलेज. युद्धात अमेरिकन लष्कराने ते ताब्यात घेतलं आणि जपानी संकेत फोडायला हजारो तरुणी तिथे बसवल्या, बऱ्याचशा शाळामास्तरणी. कुणी विचारलं तर सांगायचं: पेन्सिली टोकतो, कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करतो. लोकांना ते लगेच पटायचं. मला हेच बोचतं. एखाद्या तरण्या पोराने सांगितलं असतं की मी पेन्सिली टोकतो, तर चार जणांनी खोदून विचारलं असतं. बाईने सांगितलं की विषय मिटला. बायकांना कमी लेखण्याची सवय हेच त्या गुपिताचं कुलूप होतं.

माझा अनुभव फुटकळ आहे. कंपनीत नोकरकपातीची यादी माझ्या हातून जायची होती, आणि जिच्या गाडीतून मी रोज ऑफिसला जायचे तिचं नाव यादीत नवव्या क्रमांकावर. ती त्या आठवड्यात नवीन सोफा बघत होती. तीन दिवस मला फोटो दाखवत होती, 'करडा की निळा?' मी म्हटलं, 'थांब, पुढच्या महिन्यात सेल लागेल.' तिने थांबवला. नंतर तिला तारखा जुळवता आल्या. 'सोफ्याचं सांगितलंस, नोकरीचं नाही?' यावर काय बोलणार.

ट्रंककॉल

मी ७६ वर्षांची आहे, नातवाने टायपिंग शिकवलंय, चुका पोटात घाला.

१९७१ च्या डिसेंबरात मी ट्रंक एक्स्चेंजला होते. शहर सांगत नाही. खिडक्यांना काळे कागद, आत पिवळा उजेड, आणि समोरच्या बोर्डावर एकसारखे दिवे लुकलुकत. लष्कराचे कॉल आले की बाकी सगळे मागे. लाइन खराब असली तर आम्ही मध्ये पडून इकडचं तिकडे परत बोलून द्यायचो. एका रात्री पश्चिमेकडून एक कॉल आला, इस्पितळातल्या जखमींची नावं सांगत होते. पलीकडच्याला ऐकू जात नव्हतं. मी एकेक नाव मोठ्याने परत सांगत गेले. पाचवं की सहावं नाव माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं. ते मी माझ्या तोंडाने उच्चारलं, हुद्द्यासकट, आणि पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी ९ तारीख, मार्गशीर्षातला गुरुवार. तिने मला सवाष्ण म्हणून बोलावलेलं. न जावं तर तिला संशय येईल, जावं तर तोंड लपत नाही. गेले. तिने पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. पोथी वाचली. मला एकच गोष्ट दिसत होती, तिच्या हातातल्या बांगड्या.

तार शनिवारी आली. पाय गेला, जीव राहिला. मी धावत गेले तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं, 'तुला आधी माहीत होतं का गं?' मी म्हटलं, 'नाही.'

उंबरठा

आमच्या आजीची धाकटी बहीण, माईआजी, युद्धात दिल्लीला होती. महिलांच्या सहायक दलात, खाकी साडीतला फोटो आहे. 'टायपिंग करायचे' याच्या पलीकडे एक अक्षर नाही. माझ्या वाचनात नंतर आलं की दिल्लीत आनंद पर्बतला, रामजस कॉलेजच्या इमारतीत, ब्लेचलीशी जोडलेलं एक केंद्र होतं, ब्रह्मदेशाकडचे जपानी बिनतारी संदेश तिथे पकडून उलगडत, आणि या दलातल्या मुलीही तिथे कामाला होत्या. म्हणून माईआजी तिथेच होती असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. टायपिंगही केलं असेल.

पण एक आठवण आईकडून ऐकलीय. तिची त्या वेळची खोलीतली सोबतीण बंगलोरची. दर नाताळात तिचं कार्ड यायचं आणि माईआजी दर संक्रांतीला हलवा पाठवायची. एका वर्षी कार्डाऐवजी चांगलं चार पानी पत्र आलं. माईआजी वाचता वाचता उभी राहिली, परसात गेली आणि पाणी तापवायच्या बंबात ते पत्र घातलं. आईने विचारलं तर म्हणाली, 'तिला आठवणी काढायच्यात. लिहून!' उत्तर पाठवलं नाही. त्या संक्रांतीला हलवाही नाही. कार्डं थांबली. एवढी वर्षं सांभाळलेली मैत्री एका पत्राने संपली, तीही भांडण न होता. एकीला वाटलं आता बोलायला हरकत नाही, दुसरीला कुणी 'बोला' असं सांगितलंच नव्हतं.

धागाकर्ती

उंबरठा, यावरून आठवलं. ब्लेचलीला १९४२ मध्ये एक सूचना लावली होती: जेवताना बोलू नका, वाहनात बोलू नका, प्रवासात बोलू नका, बिऱ्हाडी बोलू नका, स्वतःच्या शेकोटीपाशीसुद्धा बोलू नका. आणि शेवटी, आपल्या हटमध्येही जपून. हट म्हणजे त्यांच्या कामाच्या लाकडी बराकी. हट सहामध्ये संदेश उलगडायचा आणि शेजारच्या हट तीनमध्ये भाषांतराला जायचा. मध्ये एक छोटा लाकडी बोगदा, कागदांचा ट्रे त्यातून झाडूच्या दांड्याने पलीकडे ढकलायचा. दोन पावलांवर बसलेल्यांची ओळख ही एवढी!

शंकेखोर

सगळे जण हळवे झालेले दिसताहेत म्हणून थोडं उलटं. गुपितामुळे मैत्री तुटते हे सरसकट मान्य नाही. जोन क्लार्क बघा. हट आठमधली गणिती. पगार वाढवायला तिला 'भाषातज्ज्ञ' या हुद्द्यावर दाखवलं होतं, आणि एकही परकी भाषा येत नसताना असा हुद्दा मिळाल्याची तिला गंमत वाटायची. तिथल्याच अॅलन टुरिंग या गणितज्ञाशी साखरपुडा झाला, त्याने आपण समलिंगी असल्याचं खरं सांगितलं, मग ठरलेलं लग्न मोडलं. मैत्री मोडली नाही. का? कारण दोघं एकाच खोलीत, एकाच कामावर. तुटते ती आतल्या आणि बाहेरच्या माणसातली मैत्री.

दुसरं म्हणजे खरं नुकसान वेगळंच आहे. कोलोसस हे टॉमी फ्लॉवर्सने बांधलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र १९४४ पासून ब्लेचलीत चाललं, चालवणाऱ्या नौदलातल्या मुलीच. युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडून टाकली, फ्लॉवर्सला आराखडे जाळावे लागले. जगातल्या पहिल्यावहिल्या संगणकांपैकी एक आपण चालवला, हे सांगून या मुलींना कुठे नोकरी मागता आली असती? अर्जात काय लिहिलं असेल? कारकुनी.

पाटीपेन्सिल

शंकेखोर, बाहेरची माणसं म्हणजे आईबापही की. ब्लेचलीतल्या बेटी वेब यांचे आईवडील लेकीने काय केलं ते न कळताच गेले. त्या स्वतः २०२५ मध्ये १०१ व्या वर्षी गेल्या, तोवर शाळाशाळांतून बोलत होत्या. आणि जेन फॉसेट! १९४१ मध्ये बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका फ्रान्सकडे निघालीय हे ज्या संदेशावरून कळलं, तो वाचणारी ही पोरगी. पुढे लंडनच्या जुन्या इमारती पाडण्याविरुद्ध भांडणारी बाई म्हणून लोक तिला ओळखायचे. बिस्मार्कचं कुणाला ठाऊक नाही.

गिरगावकर

थोडं अवांतर. संकेत फोडण्याशी संबंध नाही, पण १९४२ मध्ये आमच्या मुंबईत उषा मेहता अवघ्या २२ वर्षांच्या असताना काँग्रेस रेडिओ हे भूमिगत नभोवाणी केंद्र चालवत होत्या, ४२.३४ मीटरवर, दर थोड्या दिवसांनी जागा बदलून. १२ नोव्हेंबरला धाड पडली ती आपल्यातल्याच एका तंत्रज्ञाने जागा दाखवल्यामुळे. चौकशीत त्यांनी तोंड उघडलं नाही. इथे गुपित ठेवणारी आणि फोडणारा एकाच टोळक्यातले होते. शंकेखोरांच्या 'आतल्या माणसां'चं काय करायचं?

शंकेखोर

मान्य. माघार.

पावसाळी

ट्रंककॉल काकू, तुमचं वाचून दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. विचारू का नको असं झालं. त्या मैत्रिणीला पुढे कधी खरं सांगितलंत का?

ट्रंककॉल

नाही सांगितलं. सेवेत असताना शक्यच नव्हतं आणि निवृत्त झाल्यावर कुठून सुरुवात करायची ते कळेना. येणंजाणं होतं. तिच्या मुलाच्या लग्नात रुखवत मी मांडला. तिचे यजमान काठी घेऊन छान हिंडायचे, मला चिडवायचे की एक्स्चेंजवाल्या बायका फार कान लावतात.

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिच्याकडे दोन दिवस राहायला होते. दुपारी तांदूळ निवडत बसलो होतो. मध्येच, मान वर न करता म्हणाली, 'त्या गुरुवारी तू खीर दुसऱ्यांदा घेतली नाहीस.'

मी म्हटलं, 'हो.'

मग तिने खडा काढला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.